प्रसादाआधीचं क्वायटो

काका आमच्या वरच्या खोलीत राहायला आले त्या दिवशी मी त्यांना घराचे नियम सांगितले. पाणी सकाळीच भरून ठेवायचं, जिन्यात चपला नाहीत, गच्चीवर वाळवण असेल तर पाय जपून, आणि आवाज बेताचा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, डोक्यावरची टोपी काढली आणि विचारलं, "सेक्रेटरीबाई, बेताचा म्हणजे कोणता? उंच का जाड?"

"म्हणजे काय?"

"उंच आवाज आपल्याकडून निघणारच नाही. जाड थोडा निघंल."

मला वाटलं, स्वतःच्या घशाबद्दल सांगतायत. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं एकमेकांवर थरथरायला लागली तेव्हा उलगडा झाला. वर मोठा लाकडी स्पीकर होता. सूर म्हणून खाली काही पोचत नव्हता, नुसता ठेका पोचत होता, भिंतीतून, जमिनीतून. पुढे कित्येक वर्षं ताटं वाजली की काका घरी आलेत, एवढं आम्हाला न बघता कळायचं. आमच्या ह्यांनी ताटांखाली जुनी चादर घालून पाहिली. मग वाट्या वाजायला लागल्या.

मी आमच्या मंडळाची सेक्रेटरी आहे म्हणून ते मला सेक्रेटरीबाई म्हणत. मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपुरातल्या मराठी घरांचं हे मंडळ. गणपती, हळदीकुंकू, कोजागिरी आणि अधूनमधून एखादं भांडण, असा वर्षाचा कार्यक्रम ठरलेला असतो. सेक्रेटरीपद माझ्याकडेच राहतं, कारण दुसऱ्या कुणाला पावत्या सापडत नाहीत.

काका कागद कारखान्यात फिटर होते. मधली काही वर्षं ते दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गकडच्या एका कागद कारखान्यात मशीन बसवायला गेले होते. तिथून बाकीचे फिटर मिक्सर, घड्याळं, बायकोला सेंटच्या बाटल्या असं काय काय घेऊन आले. काकांनी सुटकेस भरून कॅसेटी आणल्या आणि डोक्यावर ती उलट्या वाटीसारखी कापडी टोपी आणली. काकू होत्या तोवर त्या येईल त्याला सांगत, "बघा, एवढा समुद्र ओलांडला माणसानं आणि माझ्यासाठी काय आणलं? धाड धाड!"

हे धाड धाड म्हणजे क्वायटो. ते पहिल्यांदा कसं ऐकलं, ही हकिगत काका ज्याला त्याला सांगत, पंक्तीत वाढताना सांगत, दाढी करताना न्हाव्यालाही सांगत. तिकडे पहिल्याच दिवशी ते कामगारांच्या छोट्या बसमध्ये बसले. ड्रायव्हरनं टेप लावला. काकांनी दोन मिनिटं ऐकलं आणि त्यांच्यातला फिटर जागा झाला. गाणं हळू चाललं होतं, म्हणजे टेपचा पट्टा घसरत होता. त्यांनी पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला, खिशातला पेचकस दाखवला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, थांब, मी दुरुस्त करून देतो. सगळी बस पोट धरधरून हसली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, पेचकस काढून स्वतःच्या खिशात टाकला आणि त्यांना समजावलं, की पट्टा बरा आहे. आम्हीच त्याला हळू केलं आहे.

"आम्हीच हळू केलं आहे!" काका मांडीवर थाप मारून म्हणत. "सेक्रेटरीबाई, काय बोलला पहा तो माणूस!"

मला त्यात एवढं काय आहे ते बरेच दिवस कळलं नाही. पुढे तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. जोहान्सबर्गच्या बाहेर काळ्या लोकांना ज्या वस्त्यांत ढकलून ठेवलं होतं, तिथल्या पोरांचं हे संगीत. गोऱ्यांचं राज्य जायला आलं होतं, कधी नव्हे ते सगळ्यांना मत द्यायला मिळणार होतं. त्या सुमारास या पोरांनी परदेशी नाचगाण्याच्या तबकड्या घेतल्या, त्यांची गती उतरवली, खाली जाड ठेका धरला आणि वर आपल्या गल्लीच्या भाषेत चार शब्द म्हटले. पुन्हा पुन्हा तेच चार शब्द. कंपन्या विचारीनात तेव्हा गाडीच्या डिकीतून कॅसेटी विकल्या. "आजवर त्यांना कोणीतरी पळवत होतं," काका म्हणत. "आता म्हणाले, आम्ही आमच्या चालीनं चालणार. ज्याला घाई असंल त्यानं पुढं जावं."

ही शेवटची ओळ ते इतरत्रही वापरत. रेशनच्या रांगेत, रेल्वे फाटकात, आणि भाड्याची तारीख उलटून गेल्यावर माझ्यासमोरसुद्धा.

त्या गायकांना काका नात्यानं ओळखत. खरी नावं मी इथे लिहीत नाही. लिहिली तर तुम्ही ती चुकीची वाचाल आणि काकांचा मला फोन येईल. एक गायिका होती, केस रंगवणारी, कुणाच्या बापाला न भिणारी. ती 'अक्का'. मालकाच्या तोंडच्या शिवीबद्दल गाण्यातूनच जाब विचारणारा तो 'मोठा भाऊ'. आणि तिघं मिळून गाणारी पोरं होती, त्यांना ते 'आपले मधल्या आळीतले' म्हणत, का ते विचारायची सोय नव्हती. पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरे. मग ऊन पडलं की काका गच्चीवर चटई घालून बसत, एकेक फीत बाहेर ओढून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत आणि पेन्सिलीनं पुन्हा गुंडाळत. शेजारी माझे पापड वाळत असायचे. एकदा वाऱ्यानं अक्काची फीत उडून पापडांवर पसरली. काका ओरडले, "सेक्रेटरीबाई, हलू नका! आधी अक्का उचलतो, मग तुमचे पापड!"

ती अक्का वारली तेव्हाची गोष्ट तर आमच्या सगळ्या इतवारा मोहल्ल्याला माहीत आहे. काकांना बातमी कुणीतरी फोनवर कळवली. दोन दिवस ताटं वाजली नाहीत. तिसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन येते तो आमच्या दारासमोर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, आणि आमचे हे दारात हात जोडून उभे. आमच्याकडे माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी उठावणा करतात. शोक करायला लोक येतात, थोडं बसतात, हात जोडून जातात. काकांनी चौकातल्या फळ्यावर लिहून टाकलं होतं, हमारी बेटी परदेस में चल बसी, उठावना शाम चार बजे.

गाव आलं. पांढरे कपडे घालून आलं.

"कैसे हुआ?" एकजण ह्यांना कानात विचारत होता.

"मला काय माहीत," हे कुजबुजले. "मला फक्त उभं राहायला सांगितलंय."

"पाठीमागे कोण कोण आहे तिच्या?" शेजारच्या मावशींनी काकांना विचारलं.

"सगळं शहर आहे मावशी," काका म्हणाले आणि खरोखर रडायला लागले. मग मावशीही रडल्या. मावशी रडल्या म्हणून बाकीच्या रडल्या. सगळे उठायच्या बेतात असताना काकांनी स्पीकर लावला. चादरीवरचे लोक थिजून बसले. गाणं संपलं तेव्हा आमच्या समोरचे म्हातारे विणकर चाचा उठले, काकांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बच्ची की आवाज में दम था."

पुढचा आठवडाभर ती पोरगी नेमकी कोण होती, हे मी भाजीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना समजावत फिरले. कुणी रागावलं नाही. फक्त मावशींनी सांगितलं, पुढच्या वेळी परक्याचं रडणं असेल तर आधी कळवत जा.

काकांची इच्छा मात्र वेगळीच होती. मंडळाच्या गणपतीत, मोठ्या स्पीकरवर, आपल्या गावच्या माणसांसमोर क्वायटो व्हायला हवं आणि त्यावर माणसं उभी राहून नाचायला हवीत. एकदाच. त्यासाठी ते दर वर्षी अर्ज करत. अर्ज बैठकीत वाचला जाई आणि आमचे अध्यक्ष अण्णा तो बाजूला ठेवत. अण्णा निवृत्त मास्तर, नाट्यसंगीताचे भोक्ते. समोरचा मराठी बोलायला लागला की ते मनातल्या मनात लाल शाई काढून बसतात. माझी तेजू एकदा मंडळात म्हणाली, "अण्णा, मी खुर्च्या लावून राहिली." तर अण्णा म्हणाले, "लावते आहे, बाळ. लावते आहे." तेव्हापासून तेजू यायची बंद झाली. तिच्या मैत्रिणीही गेल्या. "मम्मी, वहाँ मुँह खोलो तो पेपर तपासतात," असं तिचं म्हणणं.

हे काकांना कळलं तेव्हा ते तिला म्हणाले, "अगं, तिकडची पोरं चार भाषांची खिचडी करून बोलायची. घरात एक, कामावर दुसरी, गल्लीत तिसरी. त्यांच्या मास्तरांनीही नाकं मुरडलीच असतील. त्याच खिचडीवर सारं शहर नाचलं!" तेजू त्या दिवसापासून काकांच्या पार्टीत गेली.

शेवटचा अर्ज आला तेव्हा परिस्थिती निराळी होती. काकांचा मुलगा पुण्याला असतो. गणपती झाले की वडिलांना कायमचं घेऊन जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तिकीटही निघालं होतं. म्हणजे या गणपतीत नाही तर मग कधीच नाही. काका बैठकीला स्वतः आले, टोपी मांडीवर घेऊन बसले.

"हे शास्त्रीय आहे का?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"भक्तिगीत?"

"नाही."

"निदान देशभक्तीपर?"

"हो, ते आहे," काका म्हणाले. "फक्त देश दुसरा आहे."

समिती हसली. काका हसले नाहीत. "अण्णा, पुण्यात मला कोणी नको ऐकायला. या गावानं ऐकलं पाहिजे. मी इथला आहे. नंतर मी कुठं येऊन राहिलो?"

अण्णांनी 'येऊन राहिलो' ऐकलं, तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच न बोलता मिटलं. मला संधी दिसली. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या, वेळ मी बसवते. अण्णा म्हणाले, बसवा, पण त्याचं नाव मी माझ्या तोंडानं पुकारणार नाही.

आता वेळ कुठे बसवायची? आमची माणसं मला पाठ आहेत. आरतीला हॉल तुडुंब असतो. प्रसाद हातात पडला की अर्धी चपला शोधायला लागतात. उरलेली अर्धी, कार्यक्रम सुरू झाला की मुलांच्या अभ्यासाचं निमित्त सांगून निघतात. तेव्हा मी सरळ हिशेब केला. आरती, मग काकांचं क्वायटो, मग प्रसाद. शिऱ्याचं पातेलं मागच्या खोलीत, किल्ली माझ्या कमरेला. कुणी हलणारच नाही. मला माझी युक्ती फार आवडली होती.

काकांनी शब्द स्वतः रचले होते, आमच्याच बोलीत. 'गाडी आली, गाडी आली, बहादरपूरची गाडी आली. जागा द्या, जागा द्या, दम घेऊन जागा द्या.' शेजारच्या बहादरपूर गावाहून केळीची गाडी इतवाऱ्याच्या गल्लीत शिरते तेव्हाचं ते वर्णन. म्हणणार तेजू आणि तिच्या दोन मैत्रिणी. तालमी आमच्या गच्चीवर झाल्या. काका पायानं ताल दाखवत आणि ओरडत, "घाई नको! गाडीत केळी आहेत, दगड नाहीत!"

ठरलेल्या संध्याकाळी आरत्या झाल्या. फुलं-अक्षता वाहून झाल्या. जयघोष झाला. आता कुणीतरी पुढे येऊन 'यानंतर' असं म्हणायचं होतं. अण्णा दिलेल्या शब्दाला जागले आणि हात धुवायला गेले. मी शिऱ्याच्या खोलीच्या दारात होते. काकांना वाटलं, हाच इशारा. ठेका सुरू झाला.

लोक जरा चपापले. एकमेकांकडे पाहिलं. मग प्रसादाच्या दिशेला पाहिलं. प्रसाद नव्हता. आणि आमच्याकडे जन्मापासून माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते, की प्रसाद वाटला नाही म्हणजे आरती संपलेली नाही. मावशींनी डोक्यावरचा पदर पुन्हा सारखा केला. "थांबा गं, अजून एक आहे," त्या म्हणाल्या. सगळ्या हॉलनं हात जोडले.

"गाडी आली, गाडी आली," पोरींनी सुरू केलं. झांजवाल्यानं एक फेरी नुसती ऐकली आणि दुसऱ्या फेरीला झांज बरोबर ठेक्यावर घातली. मग टाळ्या आल्या. आरतीच्याच त्या, संथ, एका लयीत, सगळ्यांच्या मिळून. टेप बिघडलाय असं कुणाला वाटलं नाही. तिसऱ्या फेरीला "जागा द्या, जागा द्या" हॉलनंच उचललं. चारच शब्द असल्यामुळे पाठ व्हायला वेळ लागला नाही.

काका स्पीकरमागून बाहेर धावले. "अहो, हात सोडा!" ते ओरडत होते. "पाय हलवा! पाय! फिरा, फिरा!"

लोकांनी ऐकलं. आरतीच्या शेवटी आपण स्वतःभोवती प्रदक्षिणा घालतो, तशी प्रत्येकानं जागच्या जागी घालायला सुरुवात केली. हात जोडलेले, डोळे मिटलेले, पाऊल ठेक्यावर. माझे सासरे फिरत होते. मावशी फिरत होत्या. समोरची वहिनी काखेत मूल घेऊन फिरत होती आणि मूल हसत होतं. तेजूच्या मैत्रिणीला हसू आवरेना, ती पाठ फिरवून म्हणत राहिली. कुणीतरी निरांजनाचं तबक घेऊन पोरींच्या पुढ्यातून आणि स्पीकरपुढूनही फिरवलं. अण्णा हात पुसत आत आले, काय चाललंय ते न कळून क्षणभर थांबले, मग त्यांनीही हात जोडले आणि गोल फिरले. काका मधोमध उभे. त्यांच्याभोवती सगळं गाव संथपणे स्वतःभोवती फिरत होतं.

संपल्यावर पुन्हा जयघोष झाला. मी मुकाट्यानं किल्ली लावली.

अण्णा काकांजवळ आले. "रचना कोणत्या संतांची?"

"संतांची कसची. माझी आहे."

"तुमची? वा! चाल जुनी वाटली. आणि ते 'जागा द्या' तर फारच उत्तम." मग त्यांच्या लक्षात आलं. ते थोडा वेळ टाळूवरून हात फिरवत राहिले. "हेच होय ते? मग तसं आधी सांगायचं ना."

काका बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी शिऱ्याचा द्रोण घेऊन गेले, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"सेक्रेटरीबाई, तुम्ही माझं गाणं देवाला वाहून टाकलं."

"मी फक्त वेळ बसवली."

"ते नाचाचं गाणं आहे! मोकळ्या माणसांचं! आणि ही माणसं हात जोडून उभी! तिकडच्यांनी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं?"

"मध्येच उठून कुणी गेलं?"

"नाही."

"उभे होते ना सगळे?"

"उभे तं होते."

"मग गोल फिरत होते ते काय होतं काका?"

काकांनी आत वळून पाहिलं. आतून पोरींचा आणि अण्णांचा आवाज येत होता. तेजू सांगत होती, "अण्णा, पुढच्या साली अजून दोन कडवी लावून राहिलो आम्ही," आणि अण्णा विचारत होते, "चाल हीच ना?" लावतो आहोत की लावून राहिलो, याबद्दल ते काही बोलले नाहीत.

काकांनी विचारलं, "तालात होते?"

"एकूण एक."

"अण्णासुद्धा?"

"अण्णा जरा मागे होते. पण होते."

त्यांनी माझ्या हातातला द्रोण घेतला.

काका पुण्याला गेले. वरच्या खोलीत आता एक बँकेतला मुलगा राहतो, अगदी शांत. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. मंडळात मात्र पुढच्या गणपतीत मी आरतीनंतर थेट प्रसाद काढला, कारण काका नव्हते आणि मला वाटलं, तो विषय संपला. कुणी हात पुढे केला नाही. मावशी म्हणाल्या, "अगं, गाडीची राहिली ना." पोरी पुढे आल्या, झांजवाला सरसावला, आणि पातेल्यावर पुन्हा झाकण ठेवावं लागलं. आता गणपतीत ती रोजच होते. बहादरपूरच्या दोन-तीन घरांतही म्हणतात, असं ऐकते.

मी काकांना फोन करून हे कळवलं तेव्हा ते भडकले. "अहो, किती वेळा सांगू, ती आरती नाही! सांगा त्यांना!" मी सांगते म्हटलं. सांगितलं नाही.

मागच्या गणपतीत त्यांचाच फोन आला. आवाज पडलेला. मला वाटलं, तब्येत. पण ते सोसायटीच्या गणपतीला खाली जाऊन आले होते.

"काय झालं काका?"

"काही नाही हो. इथं आरती झाली, सगळ्यांनी प्रसाद घेतला आणि लिफ्टनं वर निघून गेले. मी आपला हात जोडून उभा. सेक्रेटरीबाई, ही पुण्याची माणसं आरती अर्धीच सोडून देतात."